किराणा हेल्दी हवा आणि बजेटमध्येही? सातारा-सांगलीकरांनो, आधी यादीचं गणित तपासा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या गणपती पेठेत थोडा वेळ उभं राहिलं की दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एकाच्या हातात वहीच्या पानावर लिहिलेली यादी, दुसऱ्याच्या हातात मोबाइलवर थांबवलेलं 'सुपरफूड'चं रील. मी दुसऱ्या गटातला होतो. गेल्या वर्षी आईचं हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहार सुधारा म्हणाले. मी इंजिनिअरच्या उत्साहानं किनोआ, चिया आणि ओट्स घेऊन आलो. आईनं दोनदा शिजवलं, मग डबा फडताळात मागे गेला. आजही तिथेच आहे.

हा प्रश्न एका घराचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्ताल्पता आढळली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता.

चार माणसांच्या घराला नेमकं लागतं किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. २००० कॅलरींच्या ताटात रोज २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्य-डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिली दूध, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावं, असं त्यात म्हटलं आहे. वय आणि कामानुसार हे कमीजास्त होईल. तरी चार माणसं आणि तीस दिवसांनी गुणून पाहा.

डाळी-कडधान्य येतं १० किलोच्या आसपास. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर.

आता स्वतःची यादी काढा. आमच्या यादीत तेलाचा पाच लिटरचा डबा होता आणि सगळ्या डाळी मिळून चार किलो. म्हणजे जे कमी हवं ते जास्त येत होतं आणि जे जास्त हवं ते निम्म्याहून कमी. दीड लिटर तेलाचे पैसे कडधान्याकडे वळवले तर एकूण बिल फारसं न हलता ताट बदलतं. तेल मात्र डब्यातून थेट कढईत न ओतता महिन्याचं वेगळं काढून ठेवावं लागतं. नाहीतर विसाव्या दिवशी दुसरा डबा येतोच. स्वानुभव आहे.

दर किलोचा नको, प्रथिनांचा काढा

समजा शेंगदाणे १६० रुपये किलो आहेत आणि बदाम ८०० रुपये. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात १८. म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं शेंगदाण्यातून पावणेसात रुपयांना पडतात आणि बदामातून सुमारे चव्वेचाळीस रुपयांना. हुलगे ९० रुपये किलो धरले तर तेवढीच प्रथिनं चार रुपयांच्या आसपास. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशोब करा, क्रम क्वचितच बदलेल.

हुलग्याचं नाव काढलं की तरुण मंडळी नाक मुरडतात. बैलांचं खाणं म्हणून त्याची बदनामी झाली आहे. पण माण-खटाव, जत-आटपाडीकडे हुलग्याचं माडगं आणि शेंगोळी पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण ८ मिलिग्रॅम लोह असतं. बाजरीतही ६ मिलिग्रॅमच्या वर असतं. यातलं सगळं लोह शरीराला मिळत नाही, त्यामुळे खाण्याची पद्धत महत्त्वाची. कडधान्याला मोड आणा, उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, चहा अडवतो. आमच्या घरी लिंबू लगेच जमलं, चहा सुटायला दोन महिने लागले.

साताऱ्याकडचे असाल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा आहेच. दाण्यावरच्या पट्ट्यांवरून त्याला हे नाव पडलं आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तो राजम्याच्याच कुळातला. रात्रभर भिजवा आणि नीट मऊ शिजवा, अर्धवट शिजलेला पोटाला त्रास देतो.

रेशन धरून हिशोब करा

अन्नसुरक्षा योजनेतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. चौघांचे २० किलो झाले. वरच्या हिशोबानं घराला ३० किलो धान्य लागतं. उरलेले १० किलो ज्वारी-बाजरी घेतली की गहू-तांदळाच्या जोडीला भरड धान्य आपोआप येतं. रब्बीची शाळू बाजारात नवी आली की भाव उतरतो. तेव्हा दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून पोतं घेतलं तर आणखी परवडतं. ठेवायच्या आधी कडक ऊन मात्र द्या.

भाजी हा महागडा भाग, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोज चौघांना १६०० ग्रॅम भाजी बहुतेक घरांत येत नाही. आठवडी बाजारात संध्याकाळी उतरत्या भावात माठ, चाकवत, शेपूच्या जुड्या मिळतात, त्या त्याच रात्री निवडाव्या लागतात. निवडायला घरात कोण बसतं, हा वेगळा प्रश्न. शेवग्याचं झाड दारात असेल तर पाला फुकटच.

पाकीट उलटं करून बघा

पाकीटबंद मालावर आता ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. 'फॅमिली पॅक' दर वेळी स्वस्त असतोच असं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. त्यामुळे 'मल्टिग्रेन' बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल, तर उरलेल्या धान्यांची नावं मोठ्या अक्षरात का छापली आहेत हे कळतं.

गुळाबाबतही एक गैरसमज आहे. कॅलरी साखरेइतक्याच, मधुमेहींना तो मोकळीक देत नाही. तासगावच्या बेदाण्यातही साखर भरपूर असते. खायचाच असेल तर लक्षात ठेवा, भाव बराचसा रंगावर ठरतो. पिवळाधमक रंग आणण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. काळपट माल स्वस्त असतो आणि मुलांच्या डब्याला चालतो.

हळद सांगलीची, म्हणून डोळे झाकून घ्यावी का? सुटी पूड घेतली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि न ढवळता थांबा. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं, तर रंगाची भेसळ असू शकते. आम्ही आता हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतो. गिरणीवाला आधी मिरची दळली होती का, ते मात्र विचारून घ्या.