भाकरीच्या घासातले दुखणे

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या युरोपात बालरोगतज्ज्ञांना एका दुखण्याने हतबल केले होते. दूध सुटून अन्न सुरू झालेले मूल हळूहळू वाळू लागे. पोट नगाऱ्यासारखे फुगे, हातापायांच्या काड्या होत, दिवसभर पातळ आणि तेलकट शौचाला होई. खाल्लेले अंगी लागतच नसे. अशी कित्येक मुले दगावत. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या ‘सीलिअ‍ॅक’ विकाराचे नेमके वर्णन केले आणि उपाय सापडलाच तर तो आहारातच सापडेल, असा कयासही बांधला. पण आहारातली कोणती वस्तू अपायकारक, हे त्यांना उमगले नाही.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवून बरे केले. केळ्यांची कीर्ती सर्वत्र झाली. त्या पथ्यात पाव वर्ज्य होता, याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

ते पाहिले हॉलंडमधील विलेम कारेल डिके यांनी. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते हेग शहरातील ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. एका आईने त्यांना सांगितले की, पाव बंद केला की आपल्या लेकराचा त्रास कमी होतो. पाव म्हणजे युरोपातले रोजचे अन्न. त्याच्यावर संशय घेणे, म्हणजे आपल्याकडे पोळीवर घेण्यासारखेच. डिके यांनी आईचे बोलणे उडवून लावले नाही. मोजक्या मुलांचा गहू बंद करून, पुन्हा सुरू करून, ते त्यांची वजने नोंदवीत राहिले.

१९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड व्यापले. केळी दिसेनाशी झाली, अन्न शिधापत्रिकेवर आले. १९४१ मध्ये डिके यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात युद्धकाळात परवडेल असा साधा आहार सुचवला. त्यात पाव नव्हता, रस्क नव्हते, आणि पेजेतही गव्हाचे पीठ नव्हते. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, सुमारे २०,००० माणसे मेली. त्या दुर्भिक्षात ही आजारी मुले मात्र सावरत असल्याचे डिके यांना दिसले. युद्ध संपता संपता पाव परतला, आणि त्यांचे दुखणेही परतले. डिके यांचा शोध या दुष्काळाच्या खात्यावर मांडण्याची प्रथा पडली आहे, ती न्याय्य नाही. संशय त्यांना आधीच होता. दुष्काळाने तो पक्का केला, इतकेच.

संशय आणि पुरावा यांत अंतर असते. युट्रेक्टचे रसायनशास्त्रज्ञ फान द कामर यांनी विष्ठेतील स्निग्धांश अचूक मोजण्याची पद्धत तयार केली होती. एखाद्या काटेकोर पेढीत जमाखर्च जुळवावा, तसा हिशेब सुरू झाला: पोटात किती स्निग्धांश गेला, न पचता किती बाहेर पडला. गहू दिला की न पचलेला स्निग्धांश वाढे, वजन घटे. गहू थांबवला की हिशेब पुन्हा जुळे. १९५० मध्ये डिके यांनी युट्रेक्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात मुलांच्या वाढीचे असे आलेख आहेत. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह गव्हाचे घटक वेगळे करून पाहिले. नुसता स्टार्च निरुपद्रवी ठरला. दोष निघाला ग्लूटेन या चिकट प्रथिनात, ज्याच्यामुळे कणकेला ताण येतो आणि पोळी तुटत नाही.

ग्लूटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, हे नंतरच्या संशोधकांनी उलगडले. डिके १९६२ मध्ये ५७ व्या वर्षी निवर्तले.

हा विकार भारतातही आहे, विशेषतः गहू खाणाऱ्या उत्तरेत, आणि तो मोठ्या वयातही उघड होतो. मात्र संशय येताच परस्पर गहू सोडणे चुकीचे. तसे केल्यास रक्ततपासणीत दोष लपू शकतो, म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. पथ्य जन्मभराचे असते. पण तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि मका चालतात, ही महाराष्ट्रातील घरांना दिलासा देणारी गोष्ट. दक्षता घ्यावी लागते ती आडवाटेने येणाऱ्या गव्हाची. गव्हापाठोपाठ त्याच चक्कीत दळलेले ज्वारीचे पीठ निर्धोक नसते. आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात ज्याच्यावाचून फोडणी होत नाही, त्या बंधाणी हिंगात पुष्कळदा गव्हाचेच पीठ मिसळलेले असते. डबीवरची बारीक अक्षरे वाचूनच ती घरात आणावी.