हाडांचा जमाखर्च

आपले हाड रोज थोडे झिजवले जाते आणि तेवढेच पुन्हा बांधले जाते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात हा जमाखर्च बिघडतो. हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात, बांधणाऱ्या दबतात. एक्स-रेत पोकळी दिसेपर्यंत तिथले ३० टक्क्यांहून अधिक खनिज गेलेले असते. रक्तात खुणा त्याआधीही उमटू शकतात. सीटीएक्स ही झिजेची खूण, पी१एनपी बांधणीची. हाडे पोखरलेल्या रुग्णाचे अल्कलाइन फॉस्फटेज पुष्कळदा नॉर्मल का येते, हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. ते बांधणाऱ्या पेशींतून येते आणि इथे त्याच थंडावलेल्या असतात. म्हणून एका नॉर्मल आकड्यावर निर्धास्त होऊ नये; जमा आणि खर्च दोन्ही बाजू डॉक्टरांसोबत वाचाव्यात. सीटीएक्ससाठी रक्त मात्र सकाळी, उपाशीपोटीच द्यावे. खाल्ल्यावर आकडा उतरतो.