अंथरूण पाहून पाय पसरणारा पाहुणा

वीस वर्षांपूर्वी डीटीपी केलेल्या पुस्तकाची फाइल उघडायची असते. तिचे फाँट नव्या संगणकावर चालत नाहीत, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, विंडोज एक्सपी सुरू केलेली असते. खिडकी सरकवताना माऊस कडेला लागतो, ती आक्रसते आणि नीट मांडलेले आयकॉन कोपऱ्यात दाटीवाटीने गोळा होतात. खिडकी पुन्हा मोठी केली, तरी विस्कटलेली मांडणी विस्कटलेलीच.

हा बिघाड नाही, आगाऊ आज्ञाधारकपणा आहे. खरा संगणक यजमान, खिडकीतला पाहुणा. पाहुण्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्यापुढे खराच मॉनिटर असतो. खिडकीचं नवं माप त्याला कळवतो त्याच्याच आत बसवलेला हस्तक: व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’, लिनक्सवरच्या स्पाइस पद्धतीत ‘स्पाइस-व्हीडीएजंट’. निरोप मिळताच पाहुणा आपलं रिझोल्यूशनच बदलतो. हा हस्तक नसेल, तर खिडकी कितीही ओढा, पाहुणा ढिम्म.

हे थांबवणं सोपं आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’वरची खूण काढायची. लिनक्सवरच्या व्हर्ट-मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’खालच्या ‘स्केल डिस्प्ले’त ‘ऑटो रिसाइझ व्हीएम विथ विंडो’ सापडेल, तिथली खूण काढायची. व्हर्ट-व्ह्यूअरला तर सुरू करतानाच ‘ऑटो-रिसाइझ’साठी ‘नेव्हर’ असं बजावता येतं.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये खिडकी लहान झाली की कडेला स्क्रोलबार येतात. ते नको असतील, तर ‘स्केल्ड मोड’ आहे. पण इथे गल्लत होते. रिसाइझ म्हणजे अंगाच्या मापाने सदरा नव्याने शिवणं. स्केल म्हणजे शिवलेला सदरा ताणून बसवणं. स्केल करताना पाहुणा, समजा, १०२४ बाय ७६८ वर असेल, तर तिथेच राहतो; यजमान फक्त त्याचं चित्र ताणतो किंवा दाबतो. त्यात पहिला बळी जातो बारीक टाइपातल्या अनुस्वाराचा आणि रफाराचा. ते धुरकट होतात. प्रुफं तपासणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चुकून गेलात आणि मेनूच गायब झाला, तर घाबरू नका. उजवं कंट्रोल आणि सी दाबा. नेहमीची खिडकी परत येते.

दिवसभर त्याच खिडकीत लिहायचं असेल, तर ऑटो-रिसाइझ चालू असलेलं बरं. अक्षर ठसठशीत राहतं. पानाची मांडणी तपासताना किंवा स्क्रीनचं चित्रण करताना मात्र ते बंदच हवं. क्रम एवढाच: आधी माप ठरवा, मग खूण काढा आणि आयकॉन त्यानंतरच लावा.