पाऊस आपल्या डोंगरावर, पूर बीडच्या घरांत : बिंदुसरेकाठच्या जुन्या वस्तीची गोष्ट

पाटोदा : बीडला दवाखान्यात नाहीतर कोर्टात गेलं की बिंदुसरेचा पूल लागतो. खाली बघितलं तर पाणी कमी अन् कचराच जास्त. पण ही नदी आपल्याच तालुक्यातली आहे. वाघिऱ्याजवळ बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, पालीवरून बीडमध्ये शिरते, शहराचे पूर्व-पश्चिम दोन भाग करते अन् पुढं सिंदफणेला मिळते. (मांजराही पाटोद्याचीच, पण ती दुसऱ्या अंगानं लातूरकडं गेली.)

जुनं बीड या नदीला धरूनच वाढलं. प्यायला, गुराढोरांना, धंद्याला पाणी लागायचं. पाण्याच्या चामडी छागलींसाठी बीड एकेकाळी नावाजलेलं होतं. कातडं कमवायचं तर पाणी हाताशीच पाहिजे.

त्या काळची घरं कशी, हे माळवदाच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. दोन-दोन हात रुंद भिंती, बाहेरून दगड, आत माती-गोट्यांचा भराव. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पण डोक्यावरचं ओझं वाढत जायचं. सांधे बहुतेक मातीचेच, चुना परवडणाऱ्याच्या वाड्यालाच. पायाशी पाणी थांबलं की मातीचा चिखल होतो, दगड सुटतो अन् माळवद खाली येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हीच जड बांधणी जिवावर उठली. तिथं भूकंप होता, इथं पाणी.

२३ जुलै १९८९, रविवार. बिंदुसरेला अचानक पूर आला अन् शहरातल्या तीन वस्त्यांत पाणी घुसलं. कितीतरी माणसं गेली, संसार वाहून गेले. पालीजवळचं धरण १९५५ सालीच झालेलं होतं, तरी हे घडलं. आजही बीडमध्ये जुन्या माणसांपुढं पुराचा विषय काढा, ते त्या सालापासूनच सुरुवात करतात.

नदी वर्षातले बरेच महिने कोरडी दिसते, म्हणून पात्रालगत बांधायचा धीर होतो. डोंगराचा उतार मात्र तोच आहे. वर जोराचा पाऊस झाला की पाणी थोड्याच वेळात खाली पोचतं.

तुमचं किंवा पाहुण्यांचं माळवदाचं घर नदी-ओढ्याच्या काठाला असेल, तर पाणी भिंतीला लागताच बाहेर पडा. जीव वाचवायला माळवदावर चढू नका. पूर ओसरल्यावरही लगेच आत झोपू नका, भिजलेली भिंत दोन-चार दिवसांनीसुद्धा बसते.