स्मृतीत जतन झालेली संहिता

'बृहत् सोव्हिएत विश्वकोशा'च्या दुसऱ्या आवृत्तीचा पाचवा खंड ज्यांच्या संग्रही होता, त्या वर्गणीदारांना १९५४ साली काही नवी पाने व एक सूचना मिळाली : बेरिया यांच्यावरील लेखाची पाने कापून काढावीत व त्यांच्या जागी ही पाने चिकटवावीत. नव्या पानांत बेरिंग समुद्राची माहिती विस्ताराने दिलेली होती. गुप्त पोलिसांचे एकेकाळचे प्रमुख असलेल्या बेरिया यांना १९५३ च्या डिसेंबरात देहदंड झाला होता. एरवी छापील ग्रंथ हा स्मृतीचा साक्षी मानला जातो. येथे ग्रंथच फितूर होतो आणि त्यात काल काय होते हे सांगण्याचा भार वाचकाच्या स्मृतीवर येऊन पडतो.

अशा समाजात स्मरण हा केवळ मनोव्यापार राहत नाही; ते संहितारक्षणाचे साधन बनते. पुत्र लेव गुमिल्योव्ह यांच्या अटकेनंतरच्या वर्षांत आन्ना आख्मातोव्हा यांनी 'रेक्विएम' ही काव्यमालिका रचली. लेनिनग्रादमधील घरी त्या लीदिया चुकोव्स्काया यांच्याशी चहापाण्याच्या गोष्टी मोठ्याने बोलत आणि त्याच वेळी कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहून पुढे करीत. ओळी पाठ झाल्या की कागद जाळला जाई. हे काव्य टंकलिखित स्वरूपात आले ते १९६२ मध्ये. पुढील वर्षी ते म्युनिक येथे छापले गेले आणि मायदेशात १९८७ मध्ये.

या पद्धतीची तुलना वेदपाठाशी करण्याचा मोह होतो. साम्य आहेच. छंदामुळे ओळ स्वतःची राखण स्वतःच करते, कारण शब्द चुकला की लय अडखळते. रशियन काव्यात यमकाची आणखी जोड असते. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या योजनांमागे उघड पठण करणारा, परस्परांच्या चुका सुधारणारा असा समाजमान्य वर्ग उभा होता. लेनिनग्रादच्या पाठकांना ही सोय नव्हती. ज्याने त्याने आपली संहिता मनातल्या मनात घोकावयाची. ती आणखी कोणास ठाऊक आहे, हे न विचारणेच श्रेयस्कर.

ओसिप मांदेलश्ताम यांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट पाठचिकित्सेचा होतो. स्तालिनवरील त्यांची उपरोधिक कविता १९३३ च्या नोव्हेंबरातील. ती त्यांनी मोजक्या परिचितांना म्हणून दाखविली. १९३४ च्या मे महिन्यात अटक झाल्यावर चौकशीच्या वेळी त्यांनी ती स्वहस्ते लिहून दिली. ज्या कवितेने कवीचा घात केला, तिची त्याच्या हस्ताक्षरातील प्रत पोलिसांच्या दप्तराने सांभाळावी, हा इतिहासाचा विलक्षण विनोदच म्हटला पाहिजे. १९३८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि त्याच वर्षी व्लादिवोस्तोकजवळील छावणीत त्यांचा अंत झाला. त्या काळात पत्नी नादेझ्दा स्त्रुनिनो येथील कापडगिरणीत रात्रपाळी करीत आणि यंत्रांमधून फिरताना त्यांच्या कविता पुटपुटत. त्यांच्या स्मरणशक्तीचा गौरव यथार्थ आहे. तथापि त्यांनी हस्तलिखितेही विश्वासू माणसांकडे ठेवली होती, हे त्या गौरवाच्या भरात विसरले जाते.

कारण स्मृतीची मर्यादा स्पष्ट आहे : ती पद्य राखते, गद्य नव्हे. इतरांच्या कविता मुखोद्गत करणाऱ्या चुकोव्स्काया यांनी १९३९-४० च्या हिवाळ्यात 'सोफिया पेत्रोव्ना' ही लघुकादंबरी लिहिली, तेव्हा त्यांनाही वहीचाच आश्रय घ्यावा लागला. ती वही दुसऱ्याच्या घरी लपविल्यामुळे वाचली. वासिली ग्रोसमन यांच्या 'जीवन आणि नियती' या कादंबरीची हस्तलिखिते १९६१ मध्ये जप्त झाली, तेव्हा टंकलेखनयंत्राच्या फितीही नेण्यात आल्या. मित्राजवळची प्रत राहिली नसती, तर १९८० मध्ये ती लोझान येथे प्रसिद्ध होणे अशक्य होते.

नावे आणि तारखा यांची स्थिती गद्याहूनही बिकट. त्यांना ना छंद, ना कथासूत्र. दडपशाहीच्या बळींची नावे जमविण्याचे काम 'मेमोरियल' या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हाती घेतले, आणि तिच्या सूचीत तीस लाखांहून अधिक नावे जमा झाली. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला.