व्याधींचा हिशेब

पोकेमॉनच्या लढाईकडे प्रथमच पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकपणे ज्वाळांकडे, विजेच्या लोळांकडे आणि जीवनरेषा एका तडाख्यात हिरव्यावरून तांबडी करून टाकणाऱ्या प्रहारांकडे जाते. परंतु हा खेळ पुष्कळ काळ स्वतः खेळल्यानंतर, आणि त्याहूनही अधिक काळ जाणत्या खेळाडूंच्या शेजारी बसून त्यांचे सामने न्याहाळल्यानंतर, माझे असे निश्चित मत झाले आहे की, या लढाईचा निकाल पुष्कळदा प्रहाराने लागत नाही, तर प्रहारापूर्वी प्रतिपक्षाच्या अवस्थेत जो पालट घडवून आणला जातो त्याने लागतो. दाह, लकवा, विषबाधा, निद्रा आणि गोठणे या व्याधी, आणि त्यांच्या जोडीला आक्रमण, संरक्षण, वेग इत्यादी गुणांच्या चढत्या-उतरत्या पायऱ्या, हा या खेळाचा खरा गाभा होय.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या यंत्रावर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ प्रसिद्ध झाले, तेव्हापासून या लढाईची मूळ रीत तीच आहे. प्रत्येक पक्षाजवळ जास्तीत जास्त सहा पोकेमॉन असतात. दोन्ही खेळाडू एकमेकांच्या नकळत आपापला हुकूम देतात. मग ज्याचा वेग अधिक त्याचा हुकूम सामान्यतः आधी अंमलात येतो आणि एक फेरी संपते. एका फेरीत एका पोकेमॉनला एकच चाल करता येते, किंवा त्याला माघारी बोलावून राखीवांपैकी दुसऱ्याला पुढे करता येते. ही मर्यादा नीट ध्यानात घेतली म्हणजे फेरी ही या खेळातील सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे हे उमगते, आणि व्याधींचे सारे शास्त्र प्रतिपक्षाच्या फेऱ्या निष्फळ करण्यासाठीच रचले आहे हेही आपोआप स्पष्ट होते.

पायऱ्यांची व्यवस्था फार रेखीव आहे. प्रत्येक गुण मूळ स्थितीपासून सहा पायऱ्या वर आणि सहा पायऱ्या खाली जाऊ शकतो. आक्रमण एक पायरी चढले की दीडपट, दोन चढले की दुप्पट, आणि सहा चढले की चौपट होते. उलट एक पायरी उतरले की दोन-तृतीयांश, दोन उतरले की निम्मे, आणि सहा उतरले की चतुर्थांश उरते. आक्रमण दोन पायऱ्या वाढवणारी ‘सोर्ड्स डान्स’ ही चाल पहिल्या खेपेस बळ दुप्पट करते. दुसऱ्या खेपेस ते दुपटीवरून तिपटीवर जाते, म्हणजे असलेल्या बळात निम्म्याचीच भर पडते. तिसऱ्या खेपेस तर ती भर तिसऱ्या हिश्श्यावर येते. फेरी मात्र प्रत्येक खेपेस पुरी एक खर्ची पडते. म्हणून अनुभवी खेळाडू एकदाच तयारी करतो आणि तत्काळ प्रहाराला लागतो. नवखा मात्र सहावी पायरी गाठण्याच्या हव्यासात पराभव ओढवून घेतो.

या पायऱ्यांत आणि व्याधींत जो भेद आहे त्यावर सारे डावपेच उभे राहतात. पोकेमॉन माघारी गेला की त्याच्या चढलेल्या आणि उतरलेल्या सर्व पायऱ्या रद्द होतात, संभ्रम ही तात्पुरती अवस्थाही नाहीशी होते. व्याधी मात्र त्याच्याबरोबर माघारी जाते आणि त्याच्याबरोबरच परत येते. सामर्थ्य तात्पुरते आणि व्याधी कायम, असा हा विषम कायदा आहे.

त्याचे परिणाम मी एका सामन्यात अगदी जवळून पाहिले. दोन तरुण मित्र खेळत होते. एकाने ड्रॅगोनाइटला पुढे केले आणि आक्रमण व वेग प्रत्येकी एक पायरी चढवणारी ‘ड्रॅगन डान्स’ ही चाल करविली. त्याच फेरीत दुसऱ्याने आपला पोकेमॉन मागे घेऊन रोटोमला आणले. पुढच्या फेरीत ड्रॅगोनाइटने तीच चाल पुन्हा केली आणि त्याचे आक्रमण दुप्पट झाले. परंतु त्यामागोमाग रोटोमची ‘विल-ओ-विस्प’ ही चाल, जी शंभरात ८५ वेळा लागू पडते, नेमकी लागू पडली आणि ड्रॅगोनाइटच्या नावाखाली दाहाची तांबूस खूण उमटली. दाह झालेल्या पोकेमॉनच्या शारीरिक प्रहाराचा परिणाम निम्मा होतो. दुप्पट आक्रमण आणि निम्मा परिणाम यांचा गुणाकार केला म्हणजे दोन फेऱ्यांच्या तयारीतून प्रहाराच्या बळात कणभरही भर पडली नाही हे दिसते. इतकेच नव्हे, तर ज्याचे अंगभूत वैशिष्ट्य जीवनरेषा पूर्ण असताना निम्मा आघात परतवणे हे होते, त्या ड्रॅगोनाइटच्या जीवनरेषेतून फेरीअखेर दाहाने एक षोडशांश कापून घेतला आणि ते संरक्षणही त्याच क्षणी संपले. ज्याचा ड्रॅगोनाइट होता तो तरुण बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “आता मागे घेतला तर पायऱ्या जातात, ठेवला तर बर्न खातंय.” त्या एका वाक्यात या खेळाचे सारे मर्म आले आहे. रोटोमने त्या दोन फेऱ्यांत एकही प्रहार केला नव्हता.

विषाची तऱ्हा याहून निराळी. साधे विष प्रत्येक फेरीअखेर जीवनरेषेचा अष्टमांश हरण करते. ‘टॉक्सिक’ या चालीचे उग्र विष पहिल्या फेरीस एक षोडशांश, दुसरीस दोन, तिसरीस तीन असे वाढत जाते. सावकाराने पहिल्या महिन्यात नाममात्र व्याज घ्यावे आणि दरमहा दर चढवीत न्यावा तशी ही वसुली आहे. तिसऱ्या फेरीअखेर दोन्ही विषांची एकूण वसुली सारखीच, म्हणजे सहा षोडशांश होते. चौथ्या फेरीपासून उग्र विष पुढे निघते. पाचव्या फेरीअखेर ते पंधरा षोडशांश घेऊन बसते आणि सहाव्या फेरीअखेर पोकेमॉन कोसळतो. मात्र माघार घेतली की त्या विषाची गणती पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून ते नुसते मारण्यासाठी वापरले जात नाही; बचावाची भिंत होऊन ठाण मांडलेल्या पोकेमॉनला ठाणे सोडावयास लावण्यासाठीही ते योजले जाते.

लकवा, निद्रा आणि गोठणे या व्याधी मात्र थेट कृतीच्या अधिकारावरच घाला घालतात. लकव्यात प्रत्येक फेरीस शंभरात २५ वेळा हुकूम वाया जातो. म्हणजे चार फेऱ्यांत निदान एकदा तरी हालचाल खुंटण्याचा संभव शंभरात ६८ इतका असतो. पहिल्या खेळांत या व्याधी किती निष्ठुर होत्या हे आज सांगितले तर नव्या खेळाडूला खरे वाटत नाही. तेव्हा निद्रा एकापासून सात फेऱ्यांपर्यंत टिके आणि जाग येण्याची फेरीदेखील फुकट जाई. गोठलेला पोकेमॉन अग्नीचा आघात किंवा औषध यांसारख्या बाह्य उपायावाचून सबंध लढाईत वितळत नसे. एका दुर्दैवी फेरीत सामना संपुष्टात येई, आणि उरलेला वेळ पराभूत खेळाडू केवळ हुकूम देण्याचा उपचार पाळीत बसे. खेळाडूंनी पुढे आपल्या स्पर्धांतून प्रतिपक्षाच्या एकाहून अधिक पोकेमॉनना एकाच वेळी झोपवू नये असा नियम केला, तो या अन्यायाच्या जाणिवेतूनच.

खेळाच्या कर्त्यांनीही ही जाणीव हळूहळू मान्य केली. निद्रेची मुदत आज एक ते तीन फेऱ्यांवर आली आहे. गोठलेल्याला प्रत्येक फेरीस शंभरात २० वेळा आपोआप मोकळे होण्याची मुभा मिळाली आहे. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांपासून लकव्याने वेग चतुर्थांशाऐवजी निम्म्यावर येतो, दाहाची वसुली अष्टमांशावरून षोडशांशावर उतरली, आणि संभ्रमात स्वतःवरच वार करून घेण्याचा संभव शंभरात ५० वरून ३३ वर आणला गेला. या सर्व दुरुस्त्या एकाच दिशेने झाल्या आहेत: खेळाडूची फेरी नशिबाच्या ताब्यातून काढून त्याच्या विचाराच्या स्वाधीन करावी. ही दिशा योग्य आहे असे मला मनापासून वाटते.

व्याधीचा स्वतःच्या हितासाठी उपयोग करून घेण्याची तरतूदही या खेळात आहे, आणि ती मला विशेष प्रिय आहे. एका पोकेमॉनला एका वेळी एकच मुख्य व्याधी जडू शकते; म्हणजे ज्याला दाह झाला त्याला निद्रा शिवत नाही. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांत ‘गट्स’ हे अंगभूत वैशिष्ट्य आले. ते असलेल्या पोकेमॉनला व्याधी जडली की त्याचे आक्रमण दीडपट होते आणि दाहाने येणारी दुर्बलता त्याला बाधत नाही. पुढे, २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ मध्ये, धारण करणाऱ्यालाच दाह देणारा ‘फ्लेम ऑर्ब’ आला, तेव्हा खेळाडू आपल्याच पोकेमॉनला जाणूनबुजून दाह देऊ लागले. कारण प्रत्येक फेरीला जीवनरेषेचा अंश देऊन दीडपट बळ आणि निद्रेपासून अभय ही दोन्ही पदरात पडत होती.

बळकट प्रहार सर्वांना दिसतो, म्हणून त्याची वाहवा होते. परंतु ज्याला कृतीच करता येत नाही त्याचे बळ शून्यवत आहे, हा या खेळाचा निर्णय आहे आणि तो मला सर्वथा मान्य आहे. नव्या खेळाडूंना माझी विनंती एवढीच की, संघ बांधताना सहांपैकी निदान दोघांना तरी अवस्था पालटणारी एखादी चाल द्यावी, आणि प्रत्येक हुकूम देण्यापूर्वी आपण किती आघात करू याच्या आधी प्रतिपक्षाची पुढची फेरी कशी निष्फळ करू याचा विचार करावा.