प्लास्टिक सर्जन निवडताय? गाव सोडण्यापूर्वी मोबाईलवरच ‘हे’ तपासा

मुरुम : कडबाकुट्टीत सापडलेला हात, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेला गळा, बाळाचा जन्मतः दुभंगलेला ओठ... उमरगा तालुक्यात प्लास्टिक सर्जनची आठवण होते ती बहुधा अशा वेळी. आता त्यात केशरोपण, नाकाचा आकार, पोटावरची चरबी यांचीही भर पडली आहे. त्यासाठी मुरुमकर सोलापूर, लातूर गाठतात; कोणी सीमेपलीकडे कलबुर्गी, हैदराबादला जाते. डॉक्टर मात्र अनेकदा पाहुण्यांच्या सांगण्यावरून किंवा इन्स्टाग्रामवरील ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंवरून ठरतो. इथेच सावध राहायला हवे.

पदवी कोणती हवी?
एमबीबीएस, त्यानंतर एमएस (जनरल सर्जरी) आणि त्यापुढे तीन वर्षांची एमसीएच (प्लास्टिक सर्जरी) हा या शाखेचा नेहमीचा मार्ग. डीएनबी किंवा डीआरएनबी (प्लास्टिक सर्जरी) ही पदवीही त्याच तोलाची. पाटीवर नुसते ‘कॉस्मेटिक सर्जन’ किंवा ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ लिहिले असेल, तर मूळ पदवी विचारा. केशरोपण प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञही करतात. मात्र त्यांचीही एमडी किंवा डीएनबी पदवी पाहावी.

नोंदणी कशी तपासायची?
डॉक्टरने चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. डॉक्टर कलबुर्गीचा असेल तर त्याची नोंद कर्नाटकच्या, हैदराबादचा असेल तर तेलंगणाच्या परिषदेत असू शकते. महाराष्ट्राच्या यादीत नाव नाही, एवढ्यावरून तो बोगस ठरत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर राज्य निवडून शोध घेता येतो. नावापुढे फक्त एमबीबीएस दिसत असेल, तर पुढील पदवीचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

एवढी काळजी कशासाठी?
मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला. ‘किरकोळ’ वाटणारी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

डॉक्टरांना हे विचारा
- शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार की दुसरे कोणी?
- भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असतील का?
- अचानक प्रकृती बिघडली तर अतिदक्षता विभाग कुठे आहे?
- अशा किती शस्त्रक्रिया केल्या? कोणत्या गुंतागुंती झाल्या?
- एकूण खर्च किती? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर पैसे वेगळे लागतील का?
- टाके काढायला, तपासणीला किती वेळा यावे लागेल?

शेवटचा प्रश्न मुरुमसारख्या गावासाठी महत्त्वाचा आहे. डॉक्टर हैदराबादला आणि जखम रात्री घरी चिघळली, तर फोन कोण उचलणार आणि जवळ कोणाकडे जायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

सही करण्यापूर्वी
धोके, पर्याय आणि यशाची शक्यता समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले. त्यामुळे कोऱ्या अर्जावर सही नको. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत, असा नियम आहे. ‘आजच पैसे भरा, निम्म्या दरात करू’ असे कोणी म्हणाले तर सरळ उठून यावे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया महिनाभर थांबली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या डॉक्टरचे मत तेवढ्या काळात घेता येते.

पैसे नसतील तर?
भाजल्यानंतरच्या आणि व्यंग दूर करण्याच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. निव्वळ सौंदर्यासाठीचे उपचार त्यात बसत नाहीत. दुभंगलेले ओठ-टाळू असलेल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत होते. लातूरचे प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने हे ‘स्माईल ट्रेन’ संस्थेच्या मदतीने अशा मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करण्यासाठी ओळखले जातात.

अपघात झाला तर
बोट तुटले असेल तर चौकशीत वेळ दवडू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट लागू देऊ नये. १०८ वर फोन करून तातडीने मोठे रुग्णालय गाठावे.

बाकी सर्व बाबतींत मात्र आधी नोंदणी क्रमांक, मग ॲडव्हान्स, हा क्रम मोडू नये.